घोंघावणारा लॅपटॉप आणि पंचवटीचे गुरुजी

नमस्कार मंडळी. लॅपटॉप जुना झाला, पंखा घोंघावायला लागला, की घरात लगेच कोणीतरी म्हणतं, 'आता नवाच घ्या.' घाई करू नका. आत प्रोसेसर, म्हणजे सगळी कामं करणारी मुख्य चिप, तापतो म्हणून पंखा जोरात पळतो. उष्णतेला बाहेर पडायची वाट मोकळी मिळाली, की पंखा आपणहून मंदावतो. पुन्हा सांगतो, आधी वाट मोकळी करा, पंख्याचं नंतर बघू.

ही वाट तुंबते कशी, ते मी पंचवटीतल्या एका गुरुजींच्या घरी पाहिलं. तीर्थोपाध्यायांचं घराणं. यजमानांच्या वंशावळीच्या जुन्या वह्या पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या. गोदाघाटावर कोण आलं, कुठल्या गावाहून आलं, आजोबा कोण, पणजोबा कोण, सगळं त्यात. गुरुजी या वह्यांची सूची लॅपटॉपवर टाइप करत होते. हे काम फार मोलाचं आहे. माझं तर स्पष्ट मत आहे की कॉलेजच्या मुलांना सुट्टीत अशा घरी बसवावं, मोडी शिकवावी. असो.

तर लॅपटॉप असा गरजायचा की गुरुजींना फोनवर यजमानांचं बोलणं ऐकू येईना. भाच्याने बाहेरूनच जाळीत ब्लोअर मारला होता. फरक शून्य. मी मागचं झाकण उघडलं, बॅटरीची पिन काढली, आणि खोलीभर धुपाचा वास आला! लॅपटॉप देवघरालगतच्या चौरंगावर असायचा. रोजचा धूप, कापूर, उदबत्ती. ती काजळी चिकट, तिच्यावर धूळ बसत गेलेली. पंखा सोडवला तर पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधोमध काळा, दाट थर. चिमट्याने ओढला, अख्खी पट्टी निघाली. बाहेरून मारलेली हवा या थराला नुसती मागे ढकलत होती. थर आतून काढावा लागतो, हे लक्षात ठेवा. आतून.

मग प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर पोचवणारा लेप, पाहिली. वाळून पापुद्रे निघत होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मसुराच्या दाण्याएवढी नवी लावली, स्क्रू एकाआड एक थोडे थोडे आवळले. लॅपटॉप चालू केला. गुरुजींनी वाकून कान लावला आणि म्हणाले, 'अहो, हा चालू आहे ना?' मग शेजारच्या काकूंना बोलावून त्यांनाही ऐकायला लावलं. फार आनंद झाला हो मला. चौरंग तेवढा खिडकीशी हलवायला सांगितला.

स्वतः उघडणार असाल तर ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. हात कचरत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण 'पंखा काढून जाळी आतून साफ करा' असं स्पष्ट सांगा.

न उघडताही थोडं करता येतं. गोधडीवर, गादीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवा कोंडते. Ctrl, Shift आणि Esc एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडून कोणता प्रोग्राम उगाच प्रोसेसर राबवतोय ते बघा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के केलं, की बऱ्याच जुन्या इंटेल लॅपटॉपांत टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जादा वेगाची धाव, थांबतो. टायपिंगला, हिशोबाला काही फरक जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच उतरते.

आणि आवाज 'सूंऽऽ' असा नसून खरखर असेल, लॅपटॉप तिरका धरल्यावर बदलत असेल, तर बेअरिंग झिजलंय. तिथे सफाईने भागत नाही, पंखाच बदलायचा. नवा मागवताना जुन्यावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. एकाच मॉडेलमध्येही वेगवेगळे पंखे बसवलेले असतात, आणि कनेक्टरच्या तारा जुळल्या पाहिजेत.