उलटी लाट

हा बीसी ५४७, एक ट्रान्झिस्टर. आज त्याचा अॅम्प्लिफायर, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट, जुळवू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मूठभर घेतले तरी खिशाला जाणवत नाहीत. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टू-एन ३९०४ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरची सवय असलेला हात इथे हमखास चुकतो, कारण त्याच्या पायांचा क्रम नेमका उलटा.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंगशिवाय सर्किट जुळवायच्या भोकाभोकांच्या पाटीवर, रेझिस्टर बसताहेत. १२ व्होल्टच्या सप्लायपासून बेसपर्यंत ४७ किलोओहम, बेसपासून ग्राउंडला १०. कलेक्टरवर ३.३, एमिटरखाली १, सगळे किलोओहममध्ये.

सिग्नल अजून जोडायचा नाही. आधी मल्टीमीटर. बेसवर सुमारे २ व्होल्ट, एमिटरवर १.४, कलेक्टरवर साधारण ७.४. म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण बंदही नाही आणि पूर्ण उघडाही नाही. लाटेला वर चढायला जागा आहे, खाली उतरायलाही. प्रॅक्टिकलच्या वहीत हे तीन आकडे बरेचदा मागाहून, शेजारच्याचे बघून भरले जातात. खरं तर सर्किट चालणार की नाही, ते इथेच कळतं. कलेक्टरवर पूर्ण १२ दिसले तर करंट वाहतच नाहीये. मग सिग्नल देऊन काय उपयोग?

आता कपलिंग कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा: सिग्नल आत सोडतो, बेसवरचा डीसी अडवतो. प्लसचा पाय बेसकडे. आपल्याला हवेत फक्त २० मिलिव्होल्ट, आणि सिग्नल जनरेटर इतका खाली उतरत नाही. म्हणून १० किलोओहम आणि १०० ओहमची जोडी लावून त्याचे २ व्होल्ट शंभराने भागले. फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झ.

सीआरओकडे, म्हणजे लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपकडे, बघा. वरची लाट इनपुटची, खालची कलेक्टरची. एक चढते तेव्हा दुसरी उतरते. बेस वर गेला की करंट वाढतो, ३.३ किलोओहमवर जास्त व्होल्टेज पडतं आणि कलेक्टर खाली येतो. पण उंची? जेमतेम ६५ मिलिव्होल्ट. सव्वातीन पट. एवढ्यासाठी हा खटाटोप?

एमिटरच्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर खोचू. सिग्नल आता रेझिस्टरला वळसा घालून त्यातून जाईल.

लाट स्क्रीनबाहेर गेली! व्होल्ट्स-पर-डिव्हिजनची कळ फिरवत फिरवत तिला आत आणावं लागतं. साडेतीन व्होल्टच्या आसपास, म्हणजे पावणेदोनशे पट.

जरा निरखून बघा, मात्र. वरचा माथा गोलसर, खालचं टोक अणकुचीदार. ही आता साइन वेव्ह राहिलेली नाही. तो १ किलोओहम लाटेला वळण लावत होता, आपणच त्याला बाजूला सारलं.

इनपुट ५ मिलिव्होल्टवर आणलं, आणि लाट पुन्हा सुडौल झाली. उंची अर्थात चौथाई.