ब्राउझरमध्ये चालतंय, सर्व्हरवरून का नाही?

पत्रिकेवर 'फसलेल्या एपीआय कॉलचा शोध' असा भारदस्त विषय छापलाय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे नेटवरून केलेली मागणी का पडली, ते शोधणं. कॉल पुन्हा कधी मारावा आणि कधी मारू नये, तेही सांगायचं मी कबूल केलंय. तिकडे येतोच. आधी माझं एक जुनं दुखणं ऐका.

एका रात्री आमच्या सर्व्हरवरून समोरच्यांच्या सर्व्हरला जाणारा प्रत्येक कॉल पडायला लागला. फोन केला, तर उत्तर ठरलेलं : "आमच्याकडे तर चालतंय." सोबत ब्राउझरचा स्क्रीनशॉट. मीही माझ्या ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडला, उत्तर सुरळीत. म्हणजे खोट आपल्याच कोडमध्ये, असं धरून मी तीन तास कोड उकरत बसलो. (हसताय ते सगळे उकरून आलेले दिसताहेत.) एक सहकारी म्हणाला, सर्टिफिकेटची, म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या ओळखपत्राची, तपासणीच बंद करून टाकू. त्या सूचनेवर मी एरवी अर्धा तास बोलतो, आज सोडतो.

शेवटी सर्व्हरवर लॉगिन केलं आणि तिथूनच 'कर्ल' (कमांड लिहून कॉल मारायचं साधन) चालवलं, सगळा तपशील दाखवणारा 'व्ही'चा पर्याय लावून. एकच ओळ आली : 'अनएबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट', म्हणजे हे सर्टिफिकेट ज्याने दिलं, त्याचं सर्टिफिकेट इथे सापडत नाही. समोरच्यांनी त्याच संध्याकाळी सर्टिफिकेट बदललं होतं. स्वतःचं चढवलं, पण ते आपल्या विश्वासातल्या रूट सर्टिफिकेटशी जोडणारं मधलं, म्हणजे इंटरमीडिएट, विसरले. ब्राउझर ते आधी पाहिलेलं असेल तर वापरतो, काही ब्राउझर स्वतः जाऊन आणतात. आमचं कर्ल कसलं मनधरणी करतंय! साखळी तुटली की तिथेच थांबलं.

तेव्हापासून माझा हेका एकच : कॉल ज्या मशीनवरून निघतो, त्याच मशीनवरून तपासा. कंटेनरमधून (मशीनमधल्या वेगळ्या बंद कप्प्यातून) निघत असेल तर कंटेनरमध्ये शिरून. तुमच्या लॅपटॉपचा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणारी सोय) वेगळा, प्रॉक्सी (मधला दलाल सर्व्हर) वेगळी, बाहेर दिसणारा आयपी वेगळा, विश्वासू रूट सर्टिफिकेटांची यादीही वेगळी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग भराभर. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा मशीन जागं आहे, त्या पोर्टवर (त्या क्रमांकाच्या दारावर) कोणी ऐकत नाही. जोडणीच टाइमआउट झाली तर आधी फायरवॉल बघा. आता उत्तरात येणारे आकडे : ५०२ म्हणजे मधल्या प्रॉक्सीला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही. ५०४ म्हणजे वेळेत मिळालं नाही. टोकन (ओळखीची डिजिटल चिठ्ठी) बरोबर असून ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही', येत असेल तर सर्व्हरचं घड्याळ पाहा, टोकनला मुदत असू शकते. ४१८ ('मी चहाची किटली आहे') कोणी विचारू नका, ती १ एप्रिल १९९८ची थट्टा आहे.

आता कबूल केलेलं. ४२९ (फार कॉल मारलेत) किंवा ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) आलं तर उत्तरासोबतचं 'रिट्राय-आफ्टर' हेडर पाहा, तेवढं थांबा. हेडर नसेल तर दर वेळी थांबणं दुप्पट करा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी पुन्हा धडकतात. 'गेट' (नुसती माहिती मागणारा कॉल) बिनधास्त पुन्हा मारा. 'पोस्ट' (पलीकडे काही काम करायला लावणारा) मात्र टाइमआउट झाला तरी पलीकडे काम उरकलेलं असू शकतं, त्यामुळे आयडेम्पोटन्सी की (हा तोच कॉल पुन्हा आलाय, हे पलीकडे ओळखू देणारी खूण) असल्याशिवाय...

घंटा वाजली. कॉर्सबद्दल (एका साइटच्या पानावरून दुसऱ्या साइटला कॉल करू द्यायचा का, याचे नियम) चिठ्ठी आलीय : तो ब्राउझरचा मामला, सर्व्हर-सर्व्हरमध्ये नसतो. बाकीच्यांनी बाहेर गाठा.