इंजिनानं आखलेली वाट

(दृश्य: पिवळ्या गवताचं उघडं माळरान. मधून सरळ गेलेली बारीक खडीची वाट. लांबवर दोन सायकली.)

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा हा मुलूख म्हणजे सेंट्रल ओटागो. इथं पाऊस कमी, झाडं कमी, उन्हाळा कडक आणि थंडी त्याहून कडक. जवळच्या ऑफिर गावात १९९५ साली पारा उणे २१.६ अंशांवर उतरला होता.

या माळावरून मिडलमार्च ते क्लाइड अशी १५२ किलोमीटरची वाट जाते. तिच्यावर मोटार चालत नाही. सायकलनं जा, पायी जा, हवं तर घोड्यावरून जा. मध्ये फाटकं लागतात. ती उघडायची आणि आठवणीनं परत लावायची, कारण दोन्ही बाजूंना मेंढ्या चरत असतात.

या वाटेवर आधी रेल्वे होती. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण रूळ उचलून नेलेत. पण सायकलवर तासभर गेलात की पायांना कळायला लागतं. समोर टेकडी दिसते आणि वाट तिच्या अंगावर न जाता लांबून वळसा घेते. ओढा आला की उतरायचं नाही, पूल आहे. डोंगर आडवा आला की चढायचं नाही, तो कापून काढलेला आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, तीव्र चढ इंजिनाला झेपत नाही. म्हणून या मार्गावर पन्नास मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर, याहून जास्त चढ ठेवलेला नाही. आपल्या बोरघाटात हेच प्रमाण सदतीसला एक आहे, आणि तिथं कर्जतला गाडीमागं जादा इंजिनं लावावी लागतात.

इंजिनाच्या दुबळेपणामुळे केलेली ही सगळी सोय आता माणसांच्या गुडघ्यांना मिळते. म्हणून इथं सत्तरी ओलांडलेली जोडपी दिसतात, शाळकरी पोरं दिसतात, आणि फार वर्षांनी सायकलवर बसल्याचं ज्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं अशीही माणसं दिसतात.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. तंबू, फावडी, दगडी भराव.)

१८६१ मध्ये ओटागोत सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. माणसांमागोमाग गाडी आली, पण सावकाश. १८७९ मध्ये किनाऱ्यावरच्या डनिडिन शहराजवळच्या विंगाटुईला काम सुरू झालं. मग देशावर मंदी आली, पैसा आटला. मिडलमार्चला गाडी पोहोचली १८९१ मध्ये, रॅनफर्लीला १८९८ मध्ये, क्लाइडला १९०७ मध्ये आणि शेवटच्या क्रॉमवेलला थेट १९२१ मध्ये. विंगाटुईपासून २३६ किलोमीटर, आणि लागली बेचाळीस वर्षं. तोवर सोन्याची पहिली धांदल केव्हाच ओसरली होती. गाडीनं मग वाहिली ती लोकर, मेंढ्या आणि फळं.

(दृश्य: अंधार. विजेरीचा उजेड ओल्या दगडावर फिरतो.)

ही पूलबर्नची घळ. सबंध वाटेवर दोनच तास मिळणार असतील तर ते इथं घालवावेत, असं आमचं मत. लागोपाठ दोन बोगदे आहेत, दोन्ही दोनशे मीटरहून लांब. आत दिवे नाहीत, त्यामुळे सोबत विजेरी हवीच. पहिला बोगदा तर शिरल्यावर थोड्याच वेळात काळाकुट्ट होतो. सायकल हातात धरून चाला. भिंतीला हात लावला की खडकाचे पापुद्रे बोटांना लागतात. हा शिस्ट नावाचा खडक, थरांचा. काही ठिकाणी तो तसाच उघडा ठेवलाय. आजच्यासारखी यंत्रं नव्हती, पहारी, फावडी आणि सुरुंग एवढ्यावर हे काम झालं, तेही असल्या हिवाळ्यात.

बोगद्यांच्या जोडीला पूलबर्नचा पूल. खालच्या ओढ्यापासून ३७ मीटर उंच. खांब त्याच खडकाचे, घडवलेल्या चिऱ्यांचे. पुलावर आता लाकडी फळ्या आणि कठडे आहेत, पण फळ्यांच्या फटीतून खाली पाहू नका, असा प्रेमाचा सल्ला. पुलाच्या मधोमध उभं राहून घळीतल्या वाऱ्याचा जोर अनुभवण्यासारखा आहे. टोपी मात्र आधी काढून ठेवावी.

(दृश्य: हाइडजवळचं खोदकाम. दोन्ही बाजूंना मातीच्या दरडी.)

हाइड गावाजवळ असंच एक खोदकाम लागतं. ४ जून १९४३ रोजी क्रॉमवेलहून डनिडिनला निघालेली एक्स्प्रेस इथल्या वळणावर रुळावरून उतरली. वेग मर्यादेच्या दुपटीहून जास्त होता. २१ माणसं गेली. जवळच त्यांचं स्मारक आहे. या ठिकाणाहून सायकलस्वार संथपणे पुढं जातो, आणि त्याला कळतही नाही की या वळणाला एवढं भ्यायचं काही कारण होतं.

(दृश्य: वेडरबर्नचं हिरवं मालगोदाम, मागं हॉकडन डोंगररांग.)

वेडरबर्नच्या आसपास वाट सगळ्यात उंच जाते, समुद्रसपाटीपासून ६१८ मीटर. हे हिरवं पत्र्याचं गोदाम चित्रकार ग्रॅहम सिडनी यांनी १९७५ मध्ये आपल्या चित्रात रंगवलं आणि ते देशभर ओळखीचं झालं. रेल्वे बंद पडल्यावर गोदाम इथून हलवलं गेलं होतं, पुढं गावानं ते परत आणून उभं केलं. इथून थोडं पुढं दक्षिण गोलार्धातलं ४५ अंशांचं अक्षवृत्त ओलांडलं जातं. पाटी आहे, फोटो काढणारे आहेत, बाकी जमिनीत काही फरक दिसत नाही.

ओटुरेहुआला मात्र थांबाच. इथं अर्नेस्ट हेज यांचा कारखाना आहे, १८९५ चा. मेंढपाळांच्या कुंपणाची तार ताणायचं यंत्र त्यांनी इथं बनवलं आणि ते जगभर गेलं. आढ्याखालून फिरणारा लांब दांडा, त्यावरून खाली आलेले पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर चालणारी यंत्रं, सगळं जागेवर आहे. आता ही जागा वारसा म्हणून जपली जाते. पण आम्हाला अप्रूप वाटलं ते त्यांच्या पत्नीचं. हॅना हेज सायकलवर बसून या माळावरच्या मेंढ्यांच्या वाड्यांवर जायच्या आणि मालाच्या मागण्या आणायच्या. तेव्हा ही वाट नव्हती, सपाट खडी नव्हती, गिअर नव्हते. आजच्या सायकलस्वारांच्या कितीतरी आधी एक बाई याच वाऱ्यात पायडल मारत होती.

(दृश्य: ट्रकनं भरलेला रस्ता, मग ओसाड स्टेशन.)

गाडी का बंद पडली? जे वळसे आज सुखाचे वाटतात, तेच तिच्या मुळावर आले. रस्ता सरळ, गाडी लांबून. एक काळ असा होता की ठरावीक अंतरापलीकडचा माल ट्रकनं न्यायला कायद्यानं आडकाठी होती. १९८३ मध्ये ती उठली. प्रवासी गाड्या त्याआधीच, १९७६ मध्ये थांबल्या होत्या. क्लाइडला धरण बांधायचं ठरलं तेव्हा क्रॉमवेलपर्यंतचा शेवटचा तुकडा बंद झाला. उरलेली गाडी धरणाचं सामान वाहत राहिली, आणि १९९० मध्ये तिचंही काम संपलं.

१९९३ मध्ये देशाच्या निसर्गसंवर्धन खात्यानं ही पट्टी ताब्यात घेतली. पुढं स्थानिक लोकांचा न्यास उभा राहिला. साठहून जास्त पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले, ठोकळ खडीवर बारीक खडी पसरून दाबली. शेजारच्या शेतकऱ्यांना सुरुवातीला ही कल्पना पटली नव्हती. त्यात नवल काय? ज्या गाडीनं त्यांचा माल नेला ती गेली, आणि आता अनोळखी माणसं त्यांच्या मेंढ्यांमधून फिरायला येणार होती. २००० मध्ये सबंध वाट खुली झाली. मग त्याच शेतघरांत पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या, वायपियाटा आणि चॅटो क्रीकच्या दारूगुत्त्यांसमोर सायकली टेकू लागल्या. रिकामी होत चाललेली गावं एकदम भरली, असं कुणी म्हणणार नाही. पण दिवे लावायला कारण मिळालं.

(दृश्य: अलेक्झांड्राच्या पुढचे खडकाळ उतार, जांभळा फुलोरा.)

अलेक्झांड्रा ते क्लाइडच्या टापूत उतारांवर थाइम नावाचं सुवासिक झुडूप रानटी माजलंय. चुरगाळून पाहा, ओव्याची आठवण येईल. दोन्हींत थायमॉल हे एकच वासाचं द्रव्य असतं.

आणि हे क्लाइड, वाटेचं टोक. पुढची रेल्वेची पट्टी धरणाच्या पाण्याखाली आहे, डन्स्टन सरोवराच्या तळाशी. तरीही क्रॉमवेलकडं सायकलनं जाता येतं. २०२१ मध्ये सरोवराच्या काठानं नवी वाट झाली. कड्याला टांगलेले मचाण, झुलता पूल, देखावा डोळे फिरवणारा. फक्त एक लक्षात ठेवा. ती वाट सायकलींसाठीच आखलेली आहे. तिथं वळणावळणांचे खडे चढ आहेत, आणि ते तुम्हालाच चढायचे आहेत.