बंदूक कोणाच्या हातात शोभते?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण. शब्दांकन करताना पुनरुक्ती काढून टाकली आहे.)

अध्यक्ष, संयोजक आणि आभाळ भरून आलेलं असतानाही आलेली तुम्ही मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर माझी ओळख 'शस्त्रप्रेमी' अशी छापली आहे. ह्याच व्यासपीठावर गेल्या वर्षी वृक्षप्रेमी आले होते, त्याच्या आदल्या वर्षी दुर्गप्रेमी. त्यांच्या वेळी कोणी संयोजकांना फोन करून "ते सोबत काही घेऊन येणार आहेत का?" असं विचारलं नसेल. माझ्या वेळी तीन फोन आले म्हणे. तर सांगून टाकतो, काही आणलेलं नाही. पिशवीत चष्मा आणि पाण्याची बाटली आहे.

आमचं गाव राधानगरीच्या बाजूला. घरात आजोबांची दुनळी बारा बोअर होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. रात्री रानडुकरं भुईमुगात शिरली की वडील माळ्यावर जाऊन एक बार हवेत काढायचे. गवे आले तर तेवढंही नाही. गव्याला डबा बडवून घालवायचा, कारण तो अभयारण्याचा, त्याला धक्का लागला तर आपलंच लायसन जायचं. मी बारा वर्षांचा असताना रिकामी बंदूक गंमत म्हणून चुलतभावाकडे रोखली. वडिलांनी आधी कानाखाली दिली, मग एक वर्ष मला बंदूक फक्त पुसायला दिली. नळीत दोरी घाल, चिंधी ओढ, तेल लाव. काडतूस हातात पडलं ते पुढच्या दिवाळीनंतर. मला बंदुकीचं वेड लागलं ते आवाजामुळे नाही, त्या एका वर्षामुळे लागलं.

हे वेड असलेला माणूस जगाकडे कसं बघतो, हे सांगायला मला बोलावलंय. वर्तमानपत्र उघडलं की मी आधी फोटोतल्या सैनिकाच्या हातातलं हत्यार ओळखतो, मग बातमी वाचतो. सवय वाईट आहे, पण चाळीस वर्षांत तिनं मला एक गोष्ट शिकवली. कुठल्याही देशातला बंदुकीचा कायदा काढा, तो बंदुकीबद्दल फार कमी बोलतो. ती कोणाच्या हातात शोभते, आणि कोणाच्या हातात दिसली की सरकारचा घसा कोरडा पडतो, हे तो सांगतो.

आपल्यापासूनच सुरुवात करू. १८७८ साली इंग्रजांचा व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं दोन कायदे आणले. एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर, दुसरा हत्यारांवर. एकाच वर्षी लेखणी आणि बंदूक. हत्यारांच्या कायद्यात हिंदी माणसाला परवाना लागायचा, युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मंडळींना सूट. म्हणजे गोष्ट सुरक्षिततेची नव्हतीच, कातडीच्या रंगाची होती. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत गेला. हत्यारांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही १९५९चा कायदा येईपर्यंत राहिला. राज्यकर्त्याला दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटत होती, ते ह्यावरून समजा.

ह्या कायद्यावर सगळ्यात कडक शब्द कोणाचे असतील? तुम्ही म्हणाल टिळकांचे. पण १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात गांधीजींनी लिहिलं की इंग्रजांच्या अनेक दुष्कृत्यांमध्ये अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात सर्वांत काळा ठरेल. अहिंसा सांगणारा माणूस हे लिहितो. आत्मचरित्रातही त्यांनी ते लपवलेलं नाही. आमच्यातले काही शस्त्रप्रेमी एवढंच वाक्य मोबाईलवर फिरवतात आणि पुढची तीस वर्षं विसरतात, ती गोष्ट वेगळी.

आता तुम्हाला वाटेल की गोऱ्यांचं हे सोंग आपण १९५९ साली बंद केलं. कागदावर केलं. पण आपल्या जिल्ह्यात कमरेला रिव्हॉल्वर लावून लग्नात फिरणारा माणूस डोळ्यासमोर आणा. तो भुईमूग राखणारा शेतकरी असतो का? ज्याच्यासाठी परवाना हवा तो तहसील आणि ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो, आणि ज्याला तो मिरवायला हवा त्याच्याकडे फाइल चालत जाते. हवेत बार काढून वरात सजवणाऱ्यांसाठी २०१९च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आला, ते उत्तम झालं. त्याच दुरुस्तीत तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आली. तेव्हा आमच्या शस्त्रप्रेमींच्या मंडळात गहजब झाला. मी विचारलं, बाबांनो, खांदे किती आहेत?

पण एक तक्रार करतो, ती करायचा मला हक्क आहे. निवडणूक आली की आचारसंहितेच्या काळात आम्हा परवानाधारकांना ठाण्यात हत्यार जमा करायला बोलावतात. मी पुसून, गुंडाळून नेतो, पावती घेतो, रांगेत उभा राहतो. चोरून बनवलेल्या गावठी कट्ट्याला मात्र आचारसंहिता लागू नाही. जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला लागून मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचं गाव आहे. आपल्याकडे पोलिसांनी पकडलेल्या कट्ट्यांच्या बातम्यांत ते नाव वारंवार येतं. तिथले शिकलीगर कारागीर मूळचे शीख गुरूंच्या फौजेचे शस्त्रकार. तीनशे वर्षांची कला, आणि आज तिला गिऱ्हाईक कोण, तर गल्लीतला भाई. स्वित्झर्लंडमधल्या एका संस्थेनं २०१८ साली अंदाज मांडला की भारतात नागरिकांकडे ७ कोटींहून जास्त बंदुका आहेत, आणि त्यातल्या नोंदलेल्या ९७ लाखांच्या आसपास. अंदाज म्हणून थोडा सोडून द्या. तरी माझी दुनळी कपाटात बंद करून त्या बाकीच्या बंदुकांचं काय होतं, हा प्रश्न उरतोच.

इथपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्यांनी थांबावं. कारण आता अमेरिका.

आमच्यातल्या पुष्कळांची ती पंढरी. १७९१ची ती दुसरी घटनादुरुस्ती, इंग्रजीत जेमतेम २७ शब्दांची, आणि त्यातल्या स्वल्पविरामांवर वकिलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. बंदूक बाळगणं हा एकेका नागरिकाचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टपणे म्हटलं ते २००८ साली. मी तिथल्या एका भाच्याकडे गेलो होतो. शनिवारी क्रीडासाहित्याच्या दुकानात शिरलो, मासेमारीच्या गळांच्या शेजारी रायफली उभ्या. खोटं कशाला बोलू, तासभर हललो नाही.

पण त्या पवित्र हक्काची खरी परीक्षा १९६७ साली कॅलिफोर्नियात झाली. ब्लॅक पँथर पक्षाची काळी पोरं त्या वेळच्या कायद्यानुसारच भरलेल्या बंदुका उघड घेऊन पोलिसांच्या गाड्यांवर नजर ठेवायला लागली. अशा भरलेल्या बंदुका घेऊन फिरायला बंदी घालणारं विधेयक आलं, तेव्हा २ मे रोजी तीसेक जण सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. झालं! विधेयक झपाट्यानं मंजूर झालं, त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, आणि पाठिंबा कोणाचा, तर नॅशनल रायफल असोसिएशनचा, म्हणजे तिथल्या बंदूकवाल्यांच्याच संघटनेचा. लिटनला हे बघून भरून आलं असतं.

आमच्याकडचे तिकडचे दाखले देताना म्हणतात, नागरिकाच्या हातात रायफल असली की हुकूमशहा डोकं वर काढत नाही. मी हे तरुणपणी मानायचो. आता अर्धवट मानतो, आणि तेही म्यानमारमुळे. २०२१ साली लष्करानं सत्ता बळकावल्यावर तिथल्या चिन नावाच्या डोंगराळ राज्यातले शिकारी घरी बनवलेल्या ठासणीच्या बंदुका घेऊन उतरले. दारू ठास, छर्रा टाक, बार काढ, पुन्हा ठास. समोर तोफा आणि विमानं. आणि तरी मिंदात गावात त्यांनी लष्कराला कित्येक दिवस झुंजवलं. हे वाचताना आजोबांची आठवण येऊन मला झोप लागली नव्हती. म्हणून म्हणतो, ज्यांना नागरिकाच्या हातातली बंदूक निव्वळ पोरकटपणा वाटतो, त्यांनी मिंदातच्या माणसाला तसं तोंडावर सांगून बघावं. पण त्याच बरोबरीनं हेही बघा की रायफल घरोघर असलेल्या येमेनमध्ये ना हुकूमशाही टळली, ना यादवी.

युक्रेननं तर आमची सगळी गणितं उलटी केली. फेब्रुवारी २०२२मध्ये कीवमध्ये सामान्य माणसांना हजारो रायफली वाटल्या, तो फोटो आमच्या प्रत्येक गटात फिरला. दोन वर्षांत काय झालं? खंदकातल्या माणसाला मारायला मोबाईलएवढ्या किमतीचा ड्रोन पुरायला लागला. आणि अगदी जवळ आलेल्या त्या ड्रोनवर शेवटचा उपाय काय, तर बारा बोअर! तीच छर्ऱ्याची बंदूक, जिनं माझे वडील डुकरं हाकलायचे. मला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. एके-४७ रायफल घडवणाऱ्या मिखाईल कलाश्निकोव्ह यांनी नव्वदी ओलांडल्यावर रशियाच्या धर्मगुरूंना पत्र लिहून विचारलं होतं की माझ्या रायफलीनं माणसं मेली, तर त्या मरणांचा दोष माझा का? चर्चनं त्यांची समजूत घातली, हत्यार मातृभूमीच्या रक्षणासाठी असेल तर दोष नाही म्हणून. २६ नोव्हेंबरच्या रात्री तीच रायफल गिरगाव चौपाटीवर होती, आणि तिची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्याकडे बंदूक नव्हती. धर्मगुरूंच्या उत्तरात त्यांना कुठे बसवायचं, मला समजत नाही.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात सांगतो. एप्रिल १९९६मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसानं ३५ जण मारले. जॉन हॉवर्ड पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते. उजव्या विचारांचा माणूस, मतदार सगळे शेतकरी, बंदूकवाले. त्यानं सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. सेल नावाच्या गावी चिडलेल्या जमावासमोर तो कोटाखाली चिलखती जाकीट घालून बोलला, आणि पुढे म्हणाला की ते घालायला नको होतं. मला त्याचा कायदा पूर्ण पटत नाही. पण आपल्याच मतदारांसमोर जाऊन त्यांना नको ते सांगणारा पुढारी मी इथे शोधतोय.

आता ज्यासाठी मी हे भाषण स्वीकारलं, त्याकडे येतो. इतका वेळ मी ह्याच्या हातात, त्याच्या हातात असं बोलतोय. एक हात राहिला. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यातली २६ हजारांहून जास्त स्वतःच्या हातानं गेली. निम्म्याहून अधिक! चित्रपटातला दरोडेखोर नाही, शाळेत घुसलेला माथेफिरू नाही. घरातल्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकानं रायफल घरी ठेवायची जुनी रीत. २००३-०४मध्ये त्यांनी सैन्य निम्म्यावर आणलं, घराघरांतल्या रायफली कमी झाल्या, आणि त्या वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या घटल्या. बहुतेकांनी दुसरा मार्ग शोधला नाही. हे आपल्याला परकं वाटायला नको. आपल्याकडे तेच काम कीटकनाशकाची बाटली करते. श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली, तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. दुःख तेवढंच राहिलं असणार. हाताशी होतं ते गेलं.

माझी पत्नी गेली त्या वर्षीची गोष्ट. घरात मी एकटा. दुपारी बंदूक पुसायला काढली. नेहमी वीस मिनिटं लागतात, त्या दिवशी संध्याकाळ झाली तरी मी तिथेच बसलेलो. काही विचार करत होतो असंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं कोल्हापूरला गेलो आणि परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा ठेवली. कायद्यात तशी सोय आहे, महिन्याला किरकोळ भाडं पडतं. दुकानदार जुना ओळखीचा. त्यानं कारण विचारलं नाही, पावती लिहिली, चहा मागवला. चौदा महिन्यांनी मी ती परत आणली. चाळीस वर्षं मी मित्रांना सांगत आलो होतो की बंदूक धोकादायक नसते, माणूस असतो. बरोबरच सांगत होतो. त्यातला माणूस म्हणजे आपण, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या मंडळात ह्यावर कोणी बोलत नाही. नळीच्या लांबीवर तीन तास बोलतील. म्हणून मी आता दर दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की दोन-तीन एकट्या राहणाऱ्या परवानाधारकांना फोन करतो. हवापाण्याचं बोलतो, शेतीचं बोलतो, आणि मग विचारतो, बंदूक घरीच आहे ना? एकानं मला शिव्या दिल्या. एकानं पुढच्या आठवड्यात जमा केली.

आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून गावोगाव एअर रायफलचे क्लास निघालेत. माझी नातही जाते. तिच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, दहा मीटरवरून मला तो दिसतही नाही. तिला मी पहिलं वर्ष फक्त पुसायला दिलं नाही, हल्लीच्या पोरांना ते चालत नाही. पण मागच्या महिन्यात तिनं मैत्रिणीला रिकाम्या रायफलीवरून दटावलेलं मी दारातून ऐकलं. शब्द वडिलांचेच होते. कानाखाली तेवढी दिली नाही.

माझ्या परवान्याचं नूतनीकरण येत्या फेब्रुवारीत आहे. मुलगा बंगळुरात, त्याला दुनळी नको. माझ्यामागे वारसानं अर्ज केला नाही तर ती ठाण्यात जमा होईल आणि कुठल्यातरी कोपऱ्यात गंजेल. अर्ज भरू की सोडून देऊ, अजून ठरलेलं नाही.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. प्रश्न असतील तर जरूर विचारा, दोन्ही बाजूंचे विचारा. फक्त मी बंदूक घरात नेमकी कुठे ठेवतो, तेवढं विचारू नका.