किमोनंतरचा तिसरा दिवस

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात कॅन्सरच्या किमोच्या वॉर्डात मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम करते. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, त्यामुळे वणी, आर्णी, पुसदकडून पहाटेच्या एसटीनं येणारी माणसं मला घरचीच वाटतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत दारव्ह्याकडच्या एक काकू दुसऱ्या किमोला आल्या. पहिल्या किमोनंतर तिसऱ्या दिवशी त्यांना उलट्या लागल्या होत्या, पोटात पाणीही ठरत नव्हतं. पिशवी पाहिली तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. म्हणाल्या, "त्या दिवशी उलटी झालीच नाई सिस्टर, मंग गोळ्या कायले खाऊ?" चूक त्यांची नव्हती. नीट समजावून सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं, आणि ते मला अजून लागतं.

किमोनं आतड्यातल्या पेशी दुखावतात, त्यातून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि मेंदूला उलटीचा निरोप जातो. ही पहिल्या दिवसाची उलटी. ती अडवायला आम्ही किमोच्या आधीच ऑनडॅन्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन देतो. पण 24 तासांनंतरची उलटी वेगळ्या वाटेनं येते आणि चार-पाच दिवस छळते. तोवर पेशंट गावी पोचलेला असतो. अ‍ॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन, ओलान्झापिन ही चिठ्ठीवरची औषधं त्यासाठी असतात. मळमळ नसली तरी ती सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर थांबवणं फार अवघड जातं.

खर्ऱ्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी, तोंडाचा कॅन्सर झालेले किती तरी जण आमच्याकडे येतात. त्यांना बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध लागतं. उलटीची औषधं दिली नाहीत तर या औषधानं 100 पैकी 90 हून जास्त जणांना उलटी होते.

ओलान्झापिनबद्दल थोडं. भाचा मोबाइलवर नाव शोधतो आणि सांगतो, "मामी, ही तर डोक्याच्या आजाराची गोळी!" झालं, गोळी बंद. असं करू नका. ती मानसिक आजारात देतात हे खरं, पण उलटीवरही ती फार गुणाची आहे. तिनं झोप येते, म्हणून रात्री घ्यायला सांगतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यात 2.5 मिलिग्रॅमची मात्रा 10 मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली आणि दिवसाची गुंगीही कमी राहिली. फार झोप येत असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते.

पहिल्या किमोआधी दोन गोष्टी आपणहून सांगा. तुम्हाला गाडी लागते का? आणि ताई, पोटुशी असताना उलट्या फार झाल्या होत्या का? अशांना किमोचा त्रास जास्त होऊ शकतो. शुगर असेल तर तेही बोला, डेक्सामेथासोननं ती वाढते.

पहिल्याच वेळी उलटी आवरली पाहिजे, यावर माझा फार जोर आहे. एकदा हाल झाले की पुढं दवाखान्याचं फाटक दिसताच, स्पिरिटचा वास येताच पोट ढवळून येतं, आणि मग गोळ्याही पुरत नाहीत.

किमोच्या दिवशी लाडानं आवडीचं काही करून घालू नका. त्या पदार्थाचा वास कायमचा नकोसा होतो. फोडणी दूरच्या चुलीवर द्या. गरम जेवणापेक्षा निवलेल्याचा वास कमी येतो. मऊ वरणभात, आंबील, घरचं ताजं ताक, दर दोन तासांनी थोडं थोडं.

आणि "उलटी झाली म्हणजे औषध लागू पडलं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. उलटीचा आणि गुण येण्याचा काही संबंध नाही.

गोळ्या घेऊनही दिवसभर पाणी ठरलं नाही, लघवी कमी झाली, उठताना चक्कर आली, किंवा ताप 100.4 च्या वर गेला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा, आणि निघताना किमोची फाइल हातात घ्या.