इन्कम शून्य असलं तरी रिटर्न भरा: कॅनडातल्या कार्बन रिबेटबद्दल थोडं

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं. विषय ऐकून काहींना वाटलं असेल की अहो कार्बन टॅक्स तर गेला, १ एप्रिल २०२५ पासून पेट्रोलवरचा आणि घरच्या हिटिंगवरचा चार्ज बंद झाला, आता त्याचं काय घेऊन बसलात. टॅक्स गेला हे खरंय. पण त्या टॅक्सचे जे पैसे घराघरात परत यायचे, कॅनडा कार्बन रिबेट, ते ज्यांना मिळाले नाहीत कारण त्यांनी रिटर्नच भरलं नव्हतं, त्यांचे पैसे अजून मिळू शकतात. आणि त्याला आता शेवटची तारीख आलीये. २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या फेडरल बजेटमध्ये सरकारने प्रस्ताव मांडला की ३० ऑक्टोबर २०२६ नंतर भरलेल्या रिटर्नवर किंवा मागितलेल्या दुरुस्तीवर हा रिबेट द्यायचा नाही. म्हणजे त्या तारखेपर्यंतच काय तो वेळ आपल्या हातात आहे, म्हणून आज बोलायला उभी राहिले.

माझ्या घरचंच सांगते. सासू-सासरे पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, घेऊन २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑन्टारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला आले. पहिल्या वर्षी आमचे टॅक्स करायला प्लाझातल्या एका टॅक्सवाल्याकडे गेलो तेव्हा मी विचारलं की आई-बाबांचं पण भरायचं का, तर तो म्हणाला इन्कम नाही ना, मग कशाला, उगाच फी जाईल. मलाही पटलं. आपल्याकडे असंच असतं ना, पगार नाही तर रिटर्न कसलं. पुढच्या वर्षीही तसंच. मग मी फ्री टॅक्स क्लिनिकला व्हॉलंटियर म्हणून जायला लागले, तिथल्या ट्रेनिंगमध्ये कळलं की हा रिबेट उत्पन्नावर नाहीच मुळी, माणशी आहे. दोघांची २०२२ आणि २०२३ ची रिटर्न्स आम्ही उशिरा भरली, आणि जमा झाले १,५७२ डॉलर. दोन वर्षांचे. सासऱ्यांचा विश्वासच बसेना, ते म्हणाले मी इथे काही कमावलं नाही, गाडी चालवत नाही, मला सरकार कशाबद्दल पैसे देतंय?

प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचं उत्तर समजलं की बाकी सगळं समजतं.

२०१८ चा ग्रीनहाऊस गॅस पोल्यूशन प्रायसिंग अॅक्ट, त्याखाली २०१९ पासून इंधनावर चार्ज लागला. सुरुवातीला एका टन कार्बन डायऑक्साइडला २० डॉलर, वाढत वाढत एप्रिल २०२४ ला ८० डॉलर. पेट्रोलच्या भाषेत ८० डॉलर म्हणजे लिटरला १७.६१ सेंट, आणि घर गरम करायच्या नॅचरल गॅसला क्युबिक मीटरमागे १५.२५ सेंट, गॅसच्या बिलावर ती वेगळी ओळ यायची तुम्हाला आठवत असेल. जमा झालेल्यातले साधारण ९० टक्के सरकारने लोकांना थेट परत द्यायचे. आता इथे गंमत काय, परत देताना तू किती जाळलंस हे विचारायचंच नाही. प्रांत कुठला आणि घरात माणसं किती, बस. म्हणजे जो दर आठवड्याला टाकी भरतो त्याला आणि जो ६ नंबरची बस पकडून कामाला जातो त्याला रिबेट सारखाच. कमी जाळणाऱ्याच्या हातात जास्त उरणार, आणि पेट्रोल महाग असल्यामुळे प्रत्येक जण थोडा तरी विचार करणार, अशी ती कल्पना. सासरे गाडी चालवत नव्हते म्हणूनच ते खरं तर सगळ्यात फायद्यात होते!

हिशोब करून बघू. चौकोनी कुटुंब, आई-बाबा आणि दोन मुलं, ऑन्टारियो, २०२४-२५. आठवड्याला ४५ लिटर पेट्रोल धरा, त्यावर चार्ज ७ डॉलर ९२ सेंट, वर्षाचे झाले ४१२. हिटिंगचा गॅस वर्षाला २,४०० क्युबिक मीटर धरा, ते ३६६. दोन्ही मिळून ७७८, त्यावर एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, लागायचा तो धरला तरी ८८० च्या आत. आणि रिबेट किती? १,१२०. भाजी-दूध आणणाऱ्या ट्रकचं डिझेल वगैरे म्हणाल तर तोही खर्च होता, तो काही बिलावर दिसायचा नाही, पण थेट भरलेला आणि थेट मिळालेला पैसा बघितला तर घर पुढेच होतं. मला मनापासून वाईट याचं वाटतं की भरताना प्रत्येक जण भरत होता, पंपावर कोणी विचारत नाही तू रिटर्न भरलंस का, पण परत मिळायला मात्र रिटर्न लागायचं. म्हणजे ज्याने भरलं नाही त्याने टॅक्स दिला आणि रिबेट सोडला. आणि असे सोडणारे कोण, तर बहुतेक करून ज्यांना त्या पैशांची सगळ्यात जास्त गरज होती तेच.

पहिले म्हणजे पीआर घेऊन आलेले आई-वडील. मुलाच्या घरात, बेसमेंटमध्ये राहतात म्हणून ते मुलाच्या कुटुंबात धरले जात नाहीत हं. त्यांचं वेगळं कुटुंब. ऑन्टारियोत २०२३-२४ ला पहिल्या माणसाला तिमाहीला १२२ आणि जोडीदाराला ६१, पुढच्या वर्षी १४० आणि ७०, आणि शेवटचा हप्ता २२ एप्रिल २०२५ ला आला तो १५१ आणि साडेपंचाहत्तर. दोघांनी आपापलं रिटर्न भरायचं, पैसे मात्र एकाच्याच नावावर येतात, ज्याचं रिटर्न आधी असेस झालं त्याच्या. इथे एक भीती मी खूप ऐकते, की ताई, आमची तिकडची पेन्शन आहे, बँकेत एफडी आहे, ते दाखवलं तर रिबेट जाईल. नाही जाणार. या रिबेटला इन्कमची मर्यादाच नव्हती. आणि इथे रेसिडेंट झाल्यावर तिकडचं उत्पन्न दाखवायचंच असतं, तो कायदा आहे, लपवून पुढे त्रास होतो. तिकडे टॅक्स कापला गेला असेल तर त्याचा क्रेडिट इथे मिळतो, ते कागद फक्त जपून ठेवा.

दुसरे स्टुडंट्स. पुण्याहून नागपूरहून आलेली मुलं, एकेका घरात सहा-सहा जण राहतात, त्यांना वाटतं हे सगळं पीआरवाल्यांसाठी. तसं नाहीये. सीआरए, म्हणजे कॅनडाचं टॅक्स खातं, त्याच्या नियमाने तुम्ही कॅनडाचे टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्ससाठी इथले रहिवासी, ठरत असाल आणि १९ वर्षं पूर्ण असतील तर स्टडी परमिटवर असलात तरी हक्क होता. आणि जी मुलं नॉर्थ बे, टिमिन्स अशा ठिकाणी शिकली त्यांनी अजून एक बघावं, मोठ्या शहरी पट्ट्याबाहेर राहणाऱ्यांना वर जास्तीचे मिळायचे, आधी १० टक्के, एप्रिल २०२४ पासून २०. म्हणजे १४० चे १६८. पण ते आपोआप नाही, रिटर्नवर त्याचा बॉक्स टिक करावा लागायचा, आणि तो टिक राहून गेलेले मी कितीतरी बघितलेत. राहिला असेल तर सीआरएच्या माय अकाउंट या ऑनलाइन खात्यात जाऊन जुनं रिटर्न दुरुस्त करता येतं, ते पण त्याच ३० ऑक्टोबरच्या आत करा.

आणि आपली इथे वाढलेली मुलं. मूल १९ चं होईपर्यंत आई-वडिलांच्या रिबेटमध्ये त्याचे तिमाहीला ३५ धरलेले असायचे. १९ झालं की ते तिथून बंद, आणि त्याचे स्वतःचे १४० सुरू, पण त्याने रिटर्न भरलं तर! कॉलेजला जाणारं पोर, टी-फोर म्हणजे पगाराची स्लिप नाही, कोण भरतंय. घरी जाऊन विचारा.

नवीन आलेल्यांसाठी एक फॉर्म असतो, आरसी-१५१. ज्या वर्षी तुम्ही रेसिडेंट झालात त्या वर्षाच्या हप्त्यांसाठी मागच्या वर्षाचं रिटर्न तुमच्याकडे असणारच नाही ना, तर त्याच्या जागी हा. मुलं असतील तर मग चाइल्ड बेनिफिटचा आरसी-६६ भरायचा, त्यातच हे धरलं जायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या माणसाला ऑक्टोबर आणि जानेवारीचे हप्ते या फॉर्मवर, आणि एप्रिलचा शेवटचा हप्ता २०२४ च्या रिटर्नवर. क्युबेक आणि बीसी (ब्रिटिश कोलंबिया) वाल्यांना हा फेडरल रिबेट नव्हता, त्यांच्या स्वतःच्या योजना होत्या, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना उगाच फोन करून घाबरवू नका.

टॅक्स बंद का झाला त्यावर बोलायला लागले तर रात्र होईल. लोकांना पंपावरचा आकडा दिसायचा, रिबेट दिसायचा नाही, बँक स्टेटमेंटवर नुसतं मोघम काहीतरी यायचं, मग २०२४ मध्ये नाव बदलून कॅनडा कार्बन रिबेट केलं, तोवर उशीर झाला होता. मार्क कार्नी १४ मार्च २०२५ ला पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी ग्राहकांवरचा चार्ज शून्य करायचं ठरलं. मोठ्या कारखान्यांवरचा राहिला.

आणि फोनवर मेसेज येतो ना, तुमचा कार्बन रिबेट आलाय, इंटरॅक ई-ट्रान्सफरची लिंक दाबा, ती दाबू नका. सीआरए असे पैसे कधीच पाठवत नाही. एकतर डायरेक्ट डिपॉझिट, नाहीतर पोस्टाने चेक.

तर घरी गेल्यावर एवढं करा, २०२२, २३ आणि २४ या तिन्ही वर्षांच्या नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे रिटर्न तपासून सीआरए पाठवते ती पत्रं, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या आहेत का ते बघा. एखादी नसेल तर ते रिटर्न भरायचं राहिलंय असं समजा. आणि इन्कम कमी असलेल्यांना त्याच रिटर्नवर जीएसटी क्रेडिट, म्हणजे विक्रीकरापोटी मिळणारे पैसे, पण मिळू शकतो, तो काही बंद झालेला नाही. सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर, कॅनडात आल्याची तारीख, पत्ता बदलला असेल तर जुने पत्ते आणि बँकेचा व्हॉइड चेक एवढं घेऊन या, दाराशी जे टेबल आहे तिथे मी आणि अजून दोघी बसतोय, आज आई-बाबांना घेऊन आलेत त्यांचं आधी बघू, त्यांना परत जायला राइड शोधावी लागते.