आधी हिरड्या बघा, मग पाला उकळा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय आपल्या घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या बारीकसारीक दुखण्यांवर. म्हणजे कडुलिंब, हळद, पेज, आलं हे सगळं कुठे कामाला येतं आणि कुठे अजिबात येत नाही, आणि मी सुरुवात आमच्या काळू कुत्र्यापासूनच करते कारण त्याच्यामुळेच मला हे नीट कळलं.

गेल्या पावसाळ्यात त्याला गोचीड झाले. आमच्याकडे आजीच्या वेळेपासूनचा उपाय म्हणजे दोन मुठी कडुलिंबाचा पाला, दोन-तीन लिटर पाणी, हिरवट होईपर्यंत उकळायचं, पूर्ण गार करून गाळायचं आणि अंघोळ झाली की शेवटी अंगावर ओतायचं. मी आठ दिवस रोज केलं, खाज कमी झाली, गोचीड पण कमी दिसायला लागले, मी खूश. पण तो भाकरीला तोंड लावेना, जिना चढताना मध्येच थांबायला लागला, आणि मी म्हणत राहिले की पावसाची सुस्ती असेल. मग एका संध्याकाळी सहज ओठ वर करून बघितला तर हिरड्या पांढऱ्याफटक! डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचीडताप निघाला, २८ दिवस गोळ्या चालल्या, तो वाचला. कडुलिंबाने त्याचं काम केलं होतं हो, कातडीचं. पण गोचीड चावून जंतू रक्तात गेल्यावर तिथपर्यंत वरून ओतलेलं पाणी कसं पोचणार? ते आठ दिवस माझे वाया गेले, त्याची हळहळ मला अजून आहे.

म्हणून कुठलाही उपाय करायच्या आधी ओठ उचला. हिरडी गुलाबी आहे ना बघा, बोटाने दाबा, पांढरी होईल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. फिकट, पिवळी, निळसर किंवा तपकिरी दिसली तर पाला-बिला राहू दे, सरळ डॉक्टर. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी जराशी खाली ओढून आतला रंग बघायचा.

गोचीड काढायचा तर चिमट्याने, अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायचा. त्याच्यावर रॉकेल ओतू नका, बोटांनी चिरडू तर मुळीच नका, साबणाच्या पाण्यात टाका. आणि नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही, कारण मादी एकावेळी हजारो अंडी घालते आणि ती भिंतीच्या फटीत, पायरीच्या कोपऱ्यात, त्याच्या गोणपाटात असतात. ते गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा, फटी बुजवा.

आता पोट. मोठं कुत्रं आहे, एखाद-दोनदा पातळ झालंय, पण शेपूट हलतंय, पाणी पितंय, तर एक वेळचं खाणं थांबवा आणि मग मऊ भात किंवा पेज द्या, मीठ-मसाला काही नको, सोबत शिजवून कुस्करलेला लाल भोपळा दोन चमचे. दूध बंद, दुधाने जुलाब वाढतात. पण पिल्लू असेल आणि उलट्या आणि रक्ताचे घाण वासाचे जुलाब असतील तर तो पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो, तिथे पेजेचा प्रयोग करत बसू नका, त्याला सलाईन लागते आणि तीसुद्धा लगेच.

छोटी जखम असेल तर भोवतीचे केस कापायचे, अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून धुवायची, वर खोबरेलात कालवलेली हळद पातळ लावायची. चाटू देऊ नका. जखमेत अळ्या पडल्या असतील तर मात्र डॉक्टरकडेच साफ करून घ्या. आपल्याकडे उवा-पिसवांसाठी सीताफळाच्या बिया वाटून लावतात, कृपा करून ते जनावराला करू नका, ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते.

घाटात गाडी लागणारं कुत्रं असेल तर निघायच्या आधी खायला घालू नका, आणि अर्धा तास आधी चिमूटभर किसलेलं आलं द्या. आमच्याकडे याचा गुण येतो. कोरड्या खोकल्याला मोठ्या कुत्र्याला कोमट पाण्यात अर्धा चमचा मध चालतो, मधुमेह असेल तर नाही. माणसाचं खोकल्याचं औषध कधीच नाही.

आणि मांजरवाल्यांनो, तुम्ही नीट ऐका. मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे. तिचं यकृत कितीतरी गोष्टी पचवून बाहेर टाकू शकत नाही, आणि ती अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेते. म्हणून कडुलिंबाचं तेल, निलगिरीचं तेल, कापूर, फिनाईल, कुत्र्याचं गोचिडाचं औषध, यातलं काही तिच्या अंगाला लावायचं नाही. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, त्याचा तुकडासुद्धा मांजराच्या जिवावर बेततो, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. आणि नुसता हात लावून ताप आहे असं समजू नका, कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, कारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे त्याचं रोजचंच तापमान आहे! जंत पडावेत म्हणून लसूण चारतात ना, तोही नको. कांदा-लसूण दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मग तो भाजीच्या रश्श्यातला का असेना. मनुका-बेदाणेही कुत्र्याला देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

एक माणसांसाठी पण सांगते. कुत्रं चावलं तर जखमेत तिखट किंवा चुना भरायचा नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा.

हिरड्या बघायची सवय जनावर धडधाकट असतानाच लावा, आजारपणात ते तोंडाला हात लावू देत नाही. आमचा काळू आता मी संध्याकाळी ओसरीवर बसले की आपणहून येतो, मांडीवर हनुवटी टेकवतो आणि वाट बघतो. काल बघितल्या, छान गुलाबी होत्या. नमस्कार.